अस्वलाच्या जागी कडूबाई

कडूबाईनं भिंतीकडं बघितलं, मग हातातल्या डावाकडं बघितलं, मग पुन्हा भिंतीकडं.

"आक्का," ती म्हणाली, "हे कोण म्हनायचं?"

वच्छलाबाई स्टुलावर उभी होती. शाळेत पोरं जिथं जेवायला बसतात त्या पडवीची भिंत तिला रंगवायला दिली होती. सकाळपासून तिनं त्या भिंतीवर एक अस्वल उभं केलं होतं. अंगात पांढरा सदरा, कमरेला निळं फडकं, डोक्यावर हॉटेलातल्या आचाऱ्यासारखी उंच टोपी. समोर मोठं पातेलं. अस्वल दात दाखवून हसत होतं आणि पंजातल्या डावानं खिचडी ढवळत होतं.

"अस्वल हाय," वच्छलाबाई म्हणाली. "खिचडी करतंय."

"ते दिसतंय मला. डोळे हायेत." कडूबाई दोन पावलं पुढं आली. "एकोनीस वरसं झाली या शाळंत खिचडी शिजवते मी. तीनशे लेकरं जेवत्यात माझ्या हातचं. सुट्टी घेतली ती पोरीच्या लग्नाला, दोन दिस. अन् भिंतीवर अस्वल?"

"अगं, लेकरांना आवडतं."

"लेकरांना आवडतं म्हनून मी अस्वल व्हय?" कडूबाईला स्वतःलाच हसू फुटलं. "अन् डाव कसा धरलाय बघा मेल्यानं. आसा वरच्या वर फिरवला तर खाली करपंल सगळं. नुस्तं दात काढून खिचडी व्हती का कुठं?"

पाणी प्यायला आलेली चार-पाच पोरं हसली. वच्छलाबाईही हसली. पण तिनं रंगात बुडवलेला ब्रश भिंतीला लावला नाही. कडूबाई आत गेली, भट्टीचा आवाज सुरू झाला, तरी ती तशीच अस्वलाच्या पंजाकडं बघत उभी राहिली. डाव खरंच चुकीचा धरला होता. आणि डाव चुकला होता कारण पंजाला तो धरताच येत नव्हता.

वच्छलाबाईचं वय साठीला टेकलेलं. घर पुंडलिकनगरात, दोन खोल्या आणि पुढं ओटा. नवरा साहेबराव नावाजलेला पेंटर. इकडं वैजापूर, तिकडं देवगाव रंगारी, मधल्या कितीतरी गावांतल्या बालवाड्या आणि शाळा या नवरा-बायकोनं रंगवलेल्या. चष्मा लावलेला ससा गुरुजी, गळ्यात नळी अडकवलेलं माकड डॉक्टर, शिट्टी फुंकणारा वाघ हवालदार, दात घासणारा हत्ती, दप्तर घेतलेली खार. साहेबराव रेघ काढायचा, वच्छलाबाई रंग भरायची. सहा वर्षांपूर्वी साहेबरावचे हात थरथरायला लागले, तेव्हापासून रेघही तिचीच. तशी रेघ अवघड नव्हती. साहेबरावनं जाड कागदावर प्रत्येक जनावराचा खाका करून ठेवला होता, सगळ्या रेघांवर सुईनं बारीक भोकं पाडून. कागद भिंतीला लावायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटायची, कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचा ससा. ठिपके जोडले की काम झालं. असे चव्वेचाळीस खाके एका पत्र्याच्या नळीत घरी होते. त्यांत एकही माणूस नव्हता.

माणूस का नव्हता, त्याचीही गोष्ट होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी साहेबरावनं वैजापूरकडच्या एका गावात शाळेच्या भिंतीवर रांगेनं शाळेत निघालेली मुलं काढली होती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाखाणलं. दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाला, पुढचं पोरगं तर पाटलाच्या घरातलं दिसतंय, आमचं मागं का? दुसऱ्यानं टोपीवर बोट ठेवलं, तिसऱ्यानं सदऱ्याच्या रंगावर. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर सगळ्या पोरांच्या तोंडाला डांबर. साहेबरावनं मुकाट्यानं भिंत खरवडली आणि तिथं बदकं काढली. बदकांना कुणी काही म्हणालं नाही.

"जनावराला आडनाव नसतं, वच्छला," तो तेव्हा म्हणाला होता. मग सगळा जन्म त्या एका वाक्यावर गेला.

त्या संध्याकाळी तिनं कडूबाईचं बोलणं नवऱ्याला सांगितलं. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. हात दाबले की थरथर कमी दिसायची.

"रागावली का ती?" त्यानं विचारलं.

"रागावली कुठं? हसली."

"मग झालं तर. टोपीला पिवळी किनार दे, उठून दिसंल."

वच्छलाबाईनं टोपीबद्दल काही ऐकलं नाही. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि आपला डावा हात समोर धरून काढायला बसली. पहिल्यांदा पंजा झाला. दुसऱ्यांदा थंडीत घालायचा हातमोजा झाला. तिसऱ्यांदा बोटं वेगळी निघाली, पण सगळी एकसारखी, एकाच बुडातून फुटलेली.

साहेबरावनं मान वाकवून बघितलं. "केळी बरी जमलीत."

"तुम्ही काढा मग."

"मी जनावरांचा पेंटर हाये," तो म्हणाला. "आपल्याला काय करायचीत माणसाची बोटं? पंजा काढला की कटकट मिटली."

ते तिला लागलं. हत्तीचा गुडघा कुठं वाकतो ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. सशाच्या कानाला आतून कोणता गुलाबी लागतो, वाघाच्या मिशा किती, सगळं पाठ. आणि ज्या हातांनी बत्तीस वर्षं रंगाचं काम केलं त्यांचा अंगठा कुठून निघतो, ते तिला येत नव्हतं. स्वतःचाच हात तिला परक्याच्या घरी बघितल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून तिला एक खोड लागली. आजवर ती माणसांकडं बघायची ती जनावरं शोधायला. जाडा माणूस दिसला की हत्ती, उंच मानेच्या बाई दिसल्या की जिराफ, बँकेतला कॅशियर म्हणजे घुबड. माणूस नुसता कच्चा माल. आता रिक्षाची वाट बघत उभी असताना समोर जाडा माणूस आला तर जाडा माणूसच दिसायला लागला. त्यानं पिशवीचा बंद दोन बोटांत अडकवलेला, बोटं वजनानं पांढरी पडलेली. भाजीवालीनं जुडी बांधताना सुतळी दातात धरलेली. शिंप्याच्या मधल्या बोटावरचं टोपण. हे सगळं कालही तिथंच होतं, आणि आपण त्यातून नुसते हत्ती काढत बसलो, असं वाटून तिचा तिलाच राग आला. घरी नळी उघडून तिनं खाके बघितले. ससा गुरुजी तिच्याकडं बघून हसला. तिनं झाकण लावून टाकलं.

मग तीन दिवस ती शाळेत लवकर गेली आणि कडूबाईच्या भट्टीपाशी पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली.

"आक्का, किती वेळ बघायचं आसंल?" कडूबाई डाळ ओतत म्हणाली. "तुमचं व्हईस्तोर हात इथंच काढून ठिवते, अन् घरी जाते."

"बोल तू. पण ढवळ. थांबू नको."

"थांबले तर तीनशे लेकरं मला शिजवतील."

कडूबाईच्या उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण होती, कोयरीसारखी. तर्जनी वाकत नव्हती. कधीतरी पातेल्याच्या कडीत सापडली होती ती तशीच सरळ राहिली. त्यामुळं ती डाव धरायची तो चार बोटांत, आणि तर्जनी दांड्यावर ताठ, जशी काय खिचडीला दटावते आहे. डाव तळापर्यंत घालायची, पोटाशी ओढायची, मग खांद्यातून वळवायची. सगळं अंग त्या डावामागून जायचं. वच्छलाबाईनं वीस वेळा हात काढला. एकविसाव्या वेळी पुठ्ठ्यावरचं बोट तिच्याकडं बघून दटावायला लागलं, तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"झालं का?" कडूबाईनं वाकून बघितलं. मग म्हणाली, "माझं बोट हाय हे." आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा भट्टीकडं वळली. पाठमोरीच म्हणाली, "माझ्या आधीची तीन लेकरं गेली, म्हनून माझं नाव कडू ठिवलं मायनं. म्हनं, कडूला कुनी हात लावत नाय. खरंच आजवर कुनी बघितलंच नाय मला."

रंगासाठी वच्छलाबाई शहागंजात गयासभाईंच्या दुकानात गेली. गयासभाई साहेबरावचे जुने दोस्त. दुकान तेच सांभाळायचे. मुलगा फरहान दुकानांच्या पाट्या रंगवायचा, आणि पाट्यांचं काम कमी झाल्यावर आता फ्लेक्सचीही कामं घ्यायचा.

"भाभी, आज क्या? अस्वल का काला?"

"माणसाचा रंग द्या."

गयासभाईंनी चष्मा वर केला. फरहाननं मागच्या फळीवरून एक छोटी डबी काढून पुढं ठेवली. "चाची, इसकू स्किन कलर बोलते."

वच्छलाबाईनं झाकण उघडलं. आत फिकट गुलाबी रंग, बाहुलीच्या गालासारखा. तिनं काउंटरवर आपला हात ठेवला. "तुझा ठेव." फरहाननं ठेवला. गयासभाईंनीही न सांगता ठेवला. तीन हात आणि मधे ती डबी. तिन्हीतला एकही हात डबीच्या जवळपास जात नव्हता.

"फिर ये किसके हात का रंग है, अब्बा?" फरहान म्हणाला.

"कंपनी के मालिक का होंगा," गयासभाई म्हणाले आणि डबी उचलून परत फळीवर ठेवली. मग गेरू घेतला, त्यात थोडा पिवळा, थोडा काळा, काडीनं ढवळून वच्छलाबाईच्या मनगटाशी धरला. "किसका निकालना है?"

"भट्टीपाशी उभी राहते त्या बाईचं."

"तो लाल थोडा और लगता," ते म्हणाले. "आँच का."

गुरुवारी सकाळी तिनं अस्वल खरवडलं. पट्टीनं सोलून काढलं, पॉलिश पेपर मारला, भिंत सपाट केली. पत्र्याची नळी आणलीच नव्हती. कोळशाच्या काडीनं सरळ भिंतीवर रेघ ओढली. भिंतीवर ठिपके नव्हते. चुकलं तर आपलं, जमलं तर आपलं.

दुपारच्या सुट्टीत पोरं ताटल्या घेऊन आली आणि रांग मोडली.

"कडूमावशी! भिंतीवर कडूमावशी!"

भिंतीवर कडूबाई डाव पोटाशी ओढत होती. डोक्यावर टोपी नव्हती, घामानं कपाळाला चिकटलेला पदर होता. ती हसत नव्हती. वाफ डोळ्यांत जाते म्हणून डोळे बारीक करून पातेल्यात बघत होती. तर्जनी दांड्यावर ताठ. एका लहान पोरीनं आपली तर्जनी तशीच ताठ करून ताटली धरली, मग सगळ्या रांगेनं तसंच केलं. कडूबाई वाढताना खोटं खोटं रागावली, "सरळ धरा, सांडंल मेल्यांनो," आणि प्रत्येकाला अर्धा डाव जास्त वाढला.

मुख्याध्यापक बद्रीनाथ सर आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. सर वाईट नव्हते. फक्त भित्रे होते. पुढच्या मंगळवारी 'सुंदर शाळा' स्पर्धेची तपासणी होती आणि आठ दिवसांपासून त्यांना झोप नव्हती.

"वच्छलाबाई, हे काय? चित्रांच्या यादीत प्राणी लिहिलेत."

"माणूस बी प्राणीच की, सर."

"थट्टा नका करू. आज स्वयंपाकीण काढली, उद्या शिपाई म्हणेल माझं काढा. परवा शिक्षक. कुणाला नाही म्हणू मी? अस्वल काय वाईट होतं? कुणाचं काही म्हणणं नव्हतं त्याच्यावर."

"कडूबाईचं होतं," वच्छलाबाई म्हणाली.

सरांनी मोबाईलवर फोटो काढला आणि संस्थेच्या ग्रुपवर टाकला. वरून काय ते ठरू दे, म्हणजे आपल्यावर येणार नाही.

शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. भिंतीसमोर उभा राहून त्यानं मान डोलावली. "वा! फार छान. खरंच. प्राण्यांपेक्षा हेच चांगलं." बद्रीनाथ सरांचा जीव भांड्यात पडला. अध्यक्ष पुढं म्हणाले, "फक्त एक करा, बाई. चेहरा बदला. आमच्या मातोश्री गेल्या त्याला दहा वर्षं झाली. ही संस्था त्यांच्याच नावानं आहे. पोरांना घास भरवणारी आई, असं होऊन जाईल. पदर, पातेलं, हात, सगळं असंच राहू द्या. सोमवारी फोटो पाठवतो."

कडूबाई दारात बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली, आवाज न करता.

"नाय जमणार," वच्छलाबाई म्हणाली.

"का? तुम्हाला चेहरा येतो की. हा काढलाच ना."

"येतो. तुमच्या आईचं वेगळं काढीन, पाहिजे तर. पण हे हात यांचे हायेत." तिनं दाराकडं मान केली. "त्यावर दुसऱ्या कुणाचं तोंड लावणार नाय मी."

अध्यक्षांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "बाई, संस्थेच्या अजून पाच शाळा रंगवायच्या आहेत. त्या तुम्हालाच द्यायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं."

"मग सोमवारी दुसरा पेंटर येईल. तुम्ही नका त्रास घेऊ." ते गेले. सर त्यांच्या मागं धावले.

कडूबाई पुढं आली. "पुसून टाका, आक्का. माझ्यापायी तुमचं काम का म्हनून घालवता? अस्वलच बरं व्हतं. त्याला कुनी काय म्हनलं नसतं."

"तुला नको आसंल तर आत्ता पुसते. तुझं चित्र हाय. पण तुझ्या हातावर दुसरीचं तोंड बसवू म्हणशील, तर ते नाय."

कडूबाईनं भिंतीकडं बघितलं. आपल्या बोटाकडं बघितलं. "पुसलं तर पुरी पुसा," ती म्हणाली. "अर्धी मी ऱ्हाणार नाय." मग हळू आवाजात, "रविवारी शाळा बंद आस्ती. पडवीच्या जाळीची चावी माझ्याकडं आस्ती, गॅस आत हाय म्हनून."

रविवारी दोघी आठलाच आल्या. त्याच भिंतीवर उजवीकडं ससा गुरुजी आणि घंटा वाजवणारं माकड आधीच रंगवून झालं होतं. वच्छलाबाईनं दोन्ही खरवडले. सशाच्या जागी पहिलीच्या झेबा मॅडम आल्या, एका हातानं पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेणाऱ्या, ओढणीचं टोक खडूनं पांढरं झालेलं. माकडाच्या जागी शिपाई फकिरा, घंटेवर हातोडी उगारलेला, दुसऱ्या हातानं कान झाकलेला, कारण त्याला खरंच तो आवाज सहन व्हायचा नाही. कडूबाई डबे उघडून देत होती, स्टूल धरत होती आणि न विचारता सल्ले देत होती. "फकिराचं पोट कमी केलं तुम्ही. उगा त्याला सवय लागंल."

अकराच्या सुमाराला फाटकापाशी रिक्षा थांबली आणि साहेबराव उतरला. दोन वर्षांत तो गल्लीच्या बाहेर आला नव्हता. काठी टेकत पडवीत आला आणि भिंत बघून तिथंच थांबला.

"पाच शाळा घालवल्यास," तो म्हणाला. "आता ही भिंत बी घालव. डांबर लागलेलं विसरलीस काय? तू लहान नव्हतीस तेव्हा."

"नाय विसरले. मीच खरवडलं होतं तुमच्यासंगं. तवा कुणी डांबर लावलं ते तुम्ही विचारलं नाय. बदकं काढली."

"मग काय करायला पायजे होतं?"

"पुन्हा तीच पोरं काढायला पायजे होती," वच्छलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण कडूबाईनं डबा हातात तसाच धरून ठेवला. "आपण बत्तीस वरसं भिऊन ससे काढले, अहो. लेकरांना आवडतात म्हणून नाय."

साहेबराव पहिलीच्या पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसला. गुडघे हनुवटीशी आले. बराच वेळ तो नुसता बघत राहिला, कडूबाईच्या हाताकडं, मग झेबा मॅडमच्या, मग फकिराच्या. कडूबाईनं त्याला चहा दिला. त्यानं तो बशीत सांडत, दोन्ही हातांनी धरून प्याला.

"अंगठा चुकलाय," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"घंटेवाल्याचा. अंगठा हातोडीच्या वरून यायला पायजे. तू खालून काढलास. सुटंल हातोडी." त्यानं काठी मुठीत धरून हात पुढं केला. "हे बघ. आसा."

हात थरथरत होता. वच्छलाबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. "हलवू नका."

"ते माझ्या हातात हाय का?" तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला.

तिनं तो थरथरणारा अंगठा बघून फकिराचा अंगठा दुरुस्त केला. दिवस कलेपर्यंत साहेबराव त्या छोट्या खुर्चीवरून हलला नाही. पुन्हा रागावलाही नाही. चांगलं झालं, असंही म्हणाला नाही.

सोमवारी दुपारच्या सुट्टीला अध्यक्ष आले. हातात आईचा मोठा फ्रेम केलेला फोटो, आणि मागं डब्यांची पिशवी घेऊन फरहान. काम कुठलं आणि कुणाचं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वच्छलाबाई पडवीत बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण जायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

"चाची?" फरहान म्हणाला. मग भिंतीकडं वळला. जवळ गेला, मागं आला, पुन्हा जवळ गेला. शहागंजात तयार केलेला तो गेरू त्यानं लगेच ओळखला.

"हा चेहरा पुसायचा," अध्यक्ष म्हणाले, "आणि हा काढायचा. उद्या तपासणी आहे. आज संध्याकाळपर्यंत व्हायला हवं." बाजूची नवी माणसं त्यांच्या लक्षात आली होती, पण त्यांनी ती बघून न बघितल्यासारखी केली.

"साब," फरहान म्हणाला, "ये हात पे दूसरा मुँह नै बैठता."

"म्हणजे काय?"

"मैं निकाल देतूं. मेरेकू क्या. पन पोस्टर चिपकाया वैसा दिखेंगा. वो हात एक बाई का है, मुँह दूसरी का. कल जो देखेंगा वो हँसेंगा. आपकी अम्मा पे हँसेंगा." त्यानं पिशवी खाली ठेवली नाही. "मेरे से नै होता, साब."

पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. कडूबाई पातेल्यामागं उभी होती, डाव हातात, भिंतीवरच्यासारखीच.

वच्छलाबाई उठली. अध्यक्षांच्या हातातून तिनं फोटो घेतला, नीट, दोन्ही हातांनी. स्टुडिओत काढलेला जुना फोटो. मोठं कुंकू, काठाचं लुगडं, थोडी घाबरलेली नजर. फोटो छातीशी संपत होता.

"चांगल्या होत्या दिसायला," ती म्हणाली. "काढते की यांचं. ही काय, डावीकडं जागा हाय, मी मुद्दाम सोडलीय. पण फोटोत हात नाहीत, अध्यक्षसाहेब. हात कसे होते त्यांचे?"

"हात? हात म्हणजे..." अध्यक्ष थांबले. "हातासारखेच."

"बोटं लांब का आखूड? भाकरी थापायच्या का? कुठं भाजलं होतं? नख काळं होतं का एखादं? तुमच्या डोक्याला तेल लावायच्या तेव्हा टाळूला काय लागायचं, अंगठा का तळवा?"

नकळत अध्यक्षांचा हात आपल्या टाळूवर गेला आणि तिथंच राहिला. बद्रीनाथ सर खाली बघत होते. रांगेतल्या कुणाच्या तरी हातून ताटली पडली, गोल फिरत राहिली आणि थांबली.

"थोरल्या बहिणीला विचारावं लागेल," अध्यक्ष शेवटी म्हणाले. आवाज गोड नव्हता, साधा होता. "ती देवगावला असते."

"विचारा. तुमचं ठरलं की सांगा. तोवर ही भिंत आशीच राहील."

त्यांनी फोटो परत मागितला. काखेत धरून ते फाटकाकडं चालू लागले. वाटेत एकदा थांबून त्यांनी खिशातून मोबाईल काढला. कुणाला फोन लावला ते पडवीतून दिसलं नाही.

बद्रीनाथ सर वच्छलाबाईच्या जवळ आले आणि कुजबुजले, "बाई, आता जरा नमतं घ्या. त्या पाच शाळांचं अजून कुणाला दिलेलं नाही. जाऊन म्हणा, तिथं ससे-हत्ती काढून देते. मी शब्द टाकतो."

"नका टाकू, सर," वच्छलाबाई म्हणाली आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "ससे पायजे आसतील तर दुसरा बघा. मला आता माणसं येतात."

कडूबाईनं पातेल्यावर डाव आपटला. "चला रे, रांग पुढं! गार व्हतीय खिचडी!"